फुतोको : शाळेत न जाणारी जपानी मुले

जपानमध्ये सक्तीचे शिक्षण नऊ वर्षांचे आहे : सहा वर्षे प्राथमिक शाळा आणि तीन वर्षे माध्यमिक. पटावर नाव असूनही जे मूल वर्षभरात ३० किंवा त्याहून अधिक दिवस शाळेत येत नाही, आणि ज्याच्या गैरहजेरीमागे आजारपण किंवा घरची गरिबी हे कारण नाही, त्याची नोंद शिक्षण मंत्रालय ‘फुतोको’ या सदरात करते. मानसिक, भावनिक, शारीरिक किंवा सामाजिक कारणांमुळे मूल शाळेत जात नाही, अथवा जायची इच्छा असूनही जाऊ शकत नाही, असे मंत्रालयाची व्याख्या सांगते. इच्छा असूनही जाता येत नाही, ही गोष्ट सरकारी व्याख्येत येण्यासाठी कित्येक वर्षे आणि कित्येक कुटुंबांचे हाल खर्ची पडले आहेत.

२०२३-२४ या वर्षी प्राथमिक आणि माध्यमिक मिळून ३,४६,४८२ मुले या सदरात होती. माध्यमिक शाळांत दर पंधरा मुलांमागे एक मूल, असे हे प्रमाण पडते. त्यातली निम्म्याहून अधिक मुले ९० किंवा त्याहून जास्त दिवस गैरहजर होती. २०१२-१३ मध्ये फुतोको मुलांची एकूण संख्या १,१२,६८९ होती. मधल्या अकरा वर्षांत जपानमधील एकूण मुलांची संख्या घटत गेली, तरी फुतोको मुले तिपटीने वाढली. उच्च माध्यमिक वर्गांतली ६८ हजारांहून अधिक मुले या हिशेबात नाहीत, कारण त्या शिक्षणाची सक्ती नाही.

तीस दिवसांच्या रेषेअलीकडेही बरेच काही घडत असते. काही मुले फाटकापर्यंत येतात आणि परत फिरतात. काही वर्गात पाऊल न टाकता शाळेच्या आरोग्यकक्षात दिवस काढतात. तिथल्या शिक्षिकेशी बोलतात, डबा तिथेच खातात, घंटा होऊन इतर मुले गेली की घरी निघतात. हजेरीपटावर ती हजर असतात. काही दुपारी येऊन तासाभराने जातात, तर काही रोज वर्गात बसूनही आतून पार दमलेली असतात. निप्पॉन फाउंडेशनने २०१८ मध्ये केलेल्या पाहणीतून अशा काठावरच्या माध्यमिक विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ३ लाख ३० हजार असावी, असा अंदाज निघाला. त्या वेळच्या अधिकृत फुतोको विद्यार्थ्यांच्या तुलनेत ही संख्या तिपटीच्या आसपास होती.

ही मुले दांडी मारणाऱ्या मुलांहून वेगळी असतात. दांडी मारणारे मूल शाळेच्या वेळेत बाहेर हिंडते आणि घरी कळू देत नाही. फुतोको मूल घरीच असते, आईवडिलांच्या डोळ्यांसमोर. रात्री ते दप्तर भरते, उद्या नक्की जाईन म्हणते आणि त्या क्षणी ते खरेच बोलत असते. सकाळी पोटात कळ येते, डोके ठणकते, उलटी होते, अंगात कणकण असते. शाळेची वेळ टळली की दुखणे ओसरते आणि संध्याकाळी मूल हसतखेळत असते. घरच्यांना याचा राग येतो, कारण हे ढोंगच वाटते. पण भीतीने होणारी पोटदुखी ही खरी पोटदुखी असते. धोक्याच्या वेळी शरीर जसे सज्ज होते, तसेच ते इथे शाळेच्या नुसत्या विचाराने होते. आतड्याची हालचाल, नाडी, घाम यांवर मुलाची इच्छा चालत नाही.

काही मुलांच्या बाबतीत शरीराची तक्रार याहून थेट असते. बिछान्यातून उठून उभे राहिल्यावर रक्ताभिसरणाचा तोल नीट सावरत नाही, रक्तदाब घसरतो किंवा नाडी फार वाढते, चक्कर येते आणि सकाळी उठणेच अशक्य होते. वाढीच्या वयात आढळणाऱ्या या विकाराचे निदान जपानी बालरोगतज्ज्ञ नेहमी करतात. फुतोको मुलांत तो पुष्कळ दिसतो. त्यामुळे कोणत्याही समुपदेशनाआधी मुलाची नीट वैद्यकीय तपासणी होणे गरजेचे ठरते. निदान झाले की घरातला निम्मा आरोप-प्रत्यारोप थांबतो, हा त्या तपासणीचा आणखी एक लाभ.

मनाच्या बाजूने पाहिले तर एकच एक आजार सापडत नाही. चिंताविकार, नैराश्य, लोकांसमोर वावरण्याची भीती, स्वमग्नतेच्या छटा, वाचन-लेखनातली अक्षमता, यांपैकी एखादी गोष्ट अनेक मुलांत असते. सगळ्यांत मात्र नसते. ती असली तरी तिला धार चढते ती शाळेच्या रचनेमुळे. जपानी शाळेत वर्गाची तुकडी वर्षभर एकत्र असते. तीच तीसपस्तीस मुले एकाच खोलीत शिकतात, तिथेच जेवतात, तीच खोली झाडतात-पुसतात, क्रीडा महोत्सवासाठी महिनाभर एकत्र सराव करतात आणि संध्याकाळी शालेय क्लबात पुन्हा भेटतात. ज्याचे जमले त्याला यातून आयुष्यभराची मैत्री मिळते. ज्याचे बिनसले त्याला तोंड लपवायला जागा उरत नाही. छळ बहुधा मारहाणीचा नसतो. सगळ्या वर्गाने एखाद्याशी बोलणे थांबवणे, तो आला की गप्प होणे, हे त्याचे नेहमीचे रूप. ओत्सु शहरातील एका माध्यमिक विद्यार्थ्याने २०११ मध्ये छळाला कंटाळून जीव दिल्यानंतर देशभर संताप उसळला आणि २०१३ मध्ये छळप्रतिबंधक कायदा झाला. त्यानंतर छळाच्या नोंदी वाढल्या, पण मुलांना जाणवणारा छळ आणि शाळेला दिसणारा छळ यांत मोठे अंतर राहिले.

हे अंतर किती मोठे आहे, ते मंत्रालयाने करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्पष्ट दिसते. फुतोको मुले, त्यांचे पालक आणि त्यांचे शिक्षक या तिघांना कारणांविषयी तेच प्रश्न विचारले गेले. सुमारे एक चतुर्थांश मुलांनी छळाचा उल्लेख केला, तर शिक्षकांमध्ये हे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास होते. चिंता आणि उदासी यांची तक्रार तीन चतुर्थांश मुलांनी सांगितली, पण ती पाचांतल्या एका शिक्षकालाही दिसली नव्हती. त्याआधी कित्येक वर्षे मंत्रालयाची कारणमीमांसा केवळ शाळांनी भरून दिलेल्या तक्त्यांवर उभी होती आणि त्या तक्त्यांत ‘निरुत्साह’ हे कारण सर्वांत वर असे. ज्या मुलाला रोज सकाळी उलटी होते त्याच्या नावापुढे निरुत्साह असे लिहिले जाणे, हा त्या मुलावर झालेला दुसरा अन्याय होता. शिक्षकांवर याचा ठपका ठेवून भागत नाही. जपानी शिक्षकाच्या कामाचे तास जगातील सर्वाधिक तासांपैकी आहेत आणि तीसपस्तीस मुलांमधले एक गप्प मूल हेरायला त्याच्याजवळ उसंत नसते. तरीही मुलाला विचारल्याशिवाय कारण लिहू नये, एवढा धडा या अभ्यासाने घालून दिला.

मुलाला न विचारण्याची सवय जुनी आहे. शाळेच्या भीतीवरचे पहिले वैद्यकीय लेखन अमेरिकेतले : ब्रॉडविन यांनी १९३२ मध्ये भीतीपोटी शाळा टाळणाऱ्या मुलांचे वर्णन केले आणि १९४१ मध्ये अ‍ॅडिलेड जॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेला ‘स्कूल फोबिया’ म्हटले. मुलाला खरी भीती शाळेची नसून आईपासून दूर होण्याची असते, असा त्यांचा रोख होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जपानी मनोविकारतज्ज्ञांना अशी मुले भेटू लागली तेव्हा हेच स्पष्टीकरण त्यांच्या हाती होते. दोष आईच्या लाडांवर गेला. पुढे ही अवस्था ‘तोको क्योही’, म्हणजे शाळा-नकार, या नावाने ओळखली जाऊ लागली. शिक्षण मंत्रालयाच्या १९८३ च्या मार्गदर्शक पुस्तिकेतही मुलाचा स्वभाव आणि घरचे वळण यांवरच भर होता.

१९८० च्या सुमाराची जपानी शाळा कडक होती. केसांची लांबी, मोज्यांचा रंग, दप्तराची पद्धत यांचे लेखी नियम असत. मारण्याला कायद्याने बंदी असूनही मार चाले आणि प्रवेशपरीक्षांचा धसका सातवीआठवीपासून घराघरांत शिरलेला असे. मराठी वाचकांना अनुवादामुळे परिचित असलेले तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ मूळ जपानीत १९८१ मध्ये, नेमक्या या वातावरणात आले. पहिल्या शाळेने काढून टाकलेल्या मुलीला आपलेसे करणाऱ्या कोबायाशी गुरुजींची आणि आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेची ती आठवण लाखो प्रतींनी खपली. वाचणाऱ्यांत स्वतःच्या मुलांच्या शाळेने अस्वस्थ झालेले पालक किती असतील, याची कल्पना करता येते. त्याच काळात तोत्सुका यॉट स्कूल नावाची एक खासगी संस्था शाळा टाळणाऱ्या आणि ‘बिघडलेल्या’ मुलांना समुद्रावरच्या कठोर शिक्षणाने सरळ करण्याची हमी देत होती. १९७९ ते १९८२ या काळात तिथे मुलांचे मृत्यू झाले, १९८३ मध्ये संस्थापकाला अटक झाली आणि अखेर शिक्षाही झाली. मुलांना तिथे पाठवणारे आईवडील क्रूर नव्हते. मूल आळशी आहे असे त्यांना सगळीकडून सांगितले गेले होते आणि त्यांचा धीर सुटला होता.

वेगळा सूर निघाला तो इचिकावा येथील कोनोदाई या सरकारी रुग्णालयात. तिथले बालमनोविकारतज्ज्ञ वातानाबे ताकाशी यांच्या मते, शाळेपासून मागे हटणे ही मुलाने स्वतःला वाचवण्यासाठी दिलेली स्वाभाविक प्रतिक्रिया होती. म्हणून उपचार सुरू व्हायचे ते मुलाच्या भोवतालच्या मोठ्यांपासून. त्यांच्याकडे येणाऱ्या पालकांचा एक गट १९७३ पासून नियमित भेटू लागला. ओकुची केइको स्वतः शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचा मोठा मुलगा शाळेत जाईनासा झाला तेव्हा त्या वातानाबे यांच्याकडे पोहोचल्या. पुढे नोकरी सोडून त्यांनी १९८५ मध्ये तोक्योत ‘तोक्यो शुरे’ ही जागा उघडली. वेळापत्रक मुले ठरवतील, यावे की न यावे हेही मुलेच ठरवतील, असा तिथला रिवाज होता. जपानमधल्या ‘फ्री स्कूल’ चळवळीचे हे आरंभीचे आणि सर्वांत प्रसिद्ध नाव.

सप्टेंबर १९८८ मध्ये ‘असाही शिंबुन’ या मोठ्या दैनिकाने एका मनोविकारतज्ज्ञाच्या हवाल्याने बातमी दिली की, लवकर आणि पुरेसे उपचार झाले नाहीत तर शाळा नाकारणारी मुले तिशीपर्यंत निष्क्रिय राहतात. पालक आणि मुले खवळली. निषेधाच्या सभा झाल्या, मुलांनी स्वतः उभे राहून आपापली हकीकत सांगितली. १९९२ मध्ये मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीने अहवाल दिला की, ही अवस्था कोणत्याही मुलावर येऊ शकते. घरच्या वळणाच्या सिद्धांताला सरकारी पातळीवर मिळालेला हा पहिला धक्का. त्याच वर्षापासून शाळेबाहेरच्या केंद्रातली उपस्थिती मुख्याध्यापकाच्या संमतीने शाळेची हजेरी म्हणून धरता येऊ लागली. पुढच्याच वर्षी तिथे जाणाऱ्या मुलांना रेल्वेचा विद्यार्थी पास मिळाला. पास ही बाब किरकोळ दिसते, पण खिशात विद्यार्थ्याचा पास असणे म्हणजे आपण अजून विद्यार्थी आहोत, हे त्या मुलासाठी फार होते. १९९५ पासून शाळांत समुपदेशक नेमले जाऊ लागले आणि १९९० च्या दशकाअखेर सरकारी आकडेवारीत ‘फुतोको’ हे नाव रुळले.

डिसेंबर २०१६ मध्ये संमत झालेल्या शिक्षणसंधी कायद्यात शाळेबाहेर होणाऱ्या शिक्षणाचे महत्त्व मान्य केलेले आहे आणि मुलाला विश्रांतीची गरज असते हेही नोंदलेले आहे. कायद्याच्या मूळ मसुद्यात घरी किंवा फ्री स्कूलमध्ये घेतलेले शिक्षण सक्तीच्या शिक्षणाला पर्याय मानण्याची तरतूद होती. ती वादात गळाली. शाळेबाहेर राहण्याला उत्तेजन मिळेल असे काहींना वाटले, तर काही फुतोको कुटुंबांनाच घरावर शाळेची देखरेख येईल अशी भीती होती. ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात मंत्रालयाने पुढचे पाऊल टाकले : शाळेत परत आणणे एवढेच मदतीचे उद्दिष्ट नसावे, मुलाने आपली वाट स्वतः ओळखून समाजात स्वतःच्या पायावर उभे राहावे. जुन्या धोरणाशी हे वाक्य ताडून पाहिले की अंतर ध्यानात येते.

कागदावरचा बदल प्रत्येक गावी पोहोचलेला नाही. नगरपालिकांची शिक्षण साहाय्य केंद्रे विनाशुल्क असतात, पण कित्येक मुलांना तीही शाळेसारखीच वाटतात. फ्री स्कूल बहुतेक खासगी असतात. मंत्रालयाच्या २०१५ च्या पाहणीनुसार त्यांचे सरासरी शुल्क महिन्याला सुमारे ३३ हजार येन होते, आणि ते भरण्याची ऐपत सगळ्यांची नसते. लहान मूल घरी राहिले तर कोणाला तरी, बहुधा आईला, नोकरी सोडावी लागते. उत्पन्न घटते त्याच सुमारास खर्च वाढतो. सरकारी पैशांतून वेगळी शाळा उभी करण्याचा एक चांगला नमुना गिफू शहरात आहे. एप्रिल २०२१ मध्ये उघडलेली तिथली सोजुन माध्यमिक शाळा खास फुतोको मुलांसाठी आहे. रोज यायचे की घरून ऑनलाइन शिकायचे, कोणत्या खोलीत बसायचे, इतकेच काय, आपला वर्गशिक्षक कोण असावा, हेही तिथे विद्यार्थी ठरवतो. शाळा नगरपालिकेची आणि प्रमाणपत्र इतर शाळांच्या बरोबरीचे. अशा तीनशे शाळा उभारण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षातल्या शाळा त्या मानाने अगदी मोजक्या आहेत.

या विषयाची सर्वांत गंभीर बाजू सप्टेंबरात दिसते. जपानमधील बहुतेक शाळांची उन्हाळी सुटी ऑगस्टअखेर संपते. मंत्रिमंडळ कार्यालयाच्या २०१५ च्या श्वेतपत्रिकेत १९७२ ते २०१३ या वर्षांतील अठरा वर्षांखालील मुलांच्या आत्महत्यांची तारीखवार मांडणी केली गेली. वर्षभरातल्या सगळ्या तारखांत १ सप्टेंबरचा आकडा सर्वांत मोठा निघाला. एप्रिलमध्ये, नवे शैक्षणिक वर्ष सुरू होताना, असाच दुसरा चढ दिसला. २०१५ मध्येच ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात कामाकुरा शहराच्या ग्रंथालयाने जाहीर केले की, शाळेत जाणे मरणाहून अवघड वाटत असेल तर ग्रंथालयात या, दिवसभर बसलात तरी कोणी काही विचारणार नाही. तो संदेश हजारो लोकांनी पुढे पाठवला. तेव्हापासून ऑगस्ट संपताना वृत्तपत्रे, प्राणिसंग्रहालये, दूरचित्रवाणी असे संदेश देत आली आहेत. २०२२ पासून देशात दरवर्षी शालेय वयाच्या ५०० हून अधिक मुलांनी आयुष्य संपवले आहे. या मुलांपैकी सगळी फुतोको नव्हती. अनेक जण शेवटच्या दिवसापर्यंत शाळेत जात होते. गैरहजेरी हा धोक्याचा इशारा असतो, तशी ती कधीकधी धोक्यापासून दूर जाण्याची वाटही असते. मुलाला काहीही करून वर्गात बसवा, हा सल्ला यामुळेच घातक ठरतो.

२०२० नंतरच्या झपाट्याच्या वाढीला महासाथीची पार्श्वभूमी आहे. मार्च २०२० च्या सुरुवातीला पंतप्रधानांच्या आवाहनावरून देशभरातील शाळा बंद झाल्या आणि बऱ्याच ठिकाणी मे अखेरपर्यंत बंदच राहिल्या. उघडल्यावर मुखपट्टी आली, जेवताना बोलायचे नाही असा नियम आला, सहली आणि महोत्सव रद्द झाले. शाळेत ओढून नेणाऱ्या गोष्टी गेल्या आणि परीक्षा तेवढ्या राहिल्या. घरच्या काळात झोपेचे चक्र बिघडले ते पुष्कळांचे सावरले नाही. तरीही वाढीचा सारा भार महासाथीवर टाकता येत नाही, कारण ती त्याआधी सात वर्षे सुरूच होती. काही वाटा सामाजिक बदलाचा आहे. पूर्वी ताप अंगावर काढून पूर्ण हजेरीचे प्रशस्तिपत्र मिळवणे कौतुकाचे असे. आता आईवडील मुलाच्या ‘नको’कडे लवकर लक्ष देतात आणि शाळाही विश्रांतीचा सल्ला देतात. त्यामुळे वाढलेला आकडा पाहून नुसता हळहळण्यात अर्थ नाही. त्यात काही मुले अशी आहेत, जी पूर्वी मुकाट सोसत राहिली असती.

घरी राहिलेल्या मुलाची वाटचाल साधारण ओळखीची असते. पहिले काही आठवडे रोज सकाळी झटापट होते. ती थांबली की मूल खूप झोपते, त्याच्या दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस होतो, खेळ आणि पडदा यांत बुडते. घरच्यांना हा ऱ्हास वाटतो, पण बहुधा ही थकवा भरून निघण्याची अवस्था असते. मग कंटाळा येऊ लागतो, मूल स्वयंपाकघरात येऊन उभे राहते, काहीतरी विचारते, बाहेर जाऊया म्हणते. या टप्प्यावर एक विश्वासाचा मोठा माणूस आणि शाळेखेरीज जाण्याची एक जागा मिळाली तर पुढची चाल बरीच सोपी होते. चिंताविकार ठळक असेल तर भीतीला लहान लहान पायऱ्यांनी सामोरे जाण्याची उपचारपद्धती उपयोगी पडते, मात्र पायऱ्या मुलाच्या संमतीने ठरलेल्या हव्यात. नैराश्य, झोपेचा विकार, शिकण्यातली अक्षमता यांचे उपचार स्वतंत्रपणे व्हावे लागतात. वाट पाहणे आणि सोडून देणे यांत फरक आहे. वाट पाहणाऱ्या घरात मुलाशी रोज बोलणे चालू असते, फक्त ते शाळेविषयी नसते.

पुढे काय होते, याविषयीची भीती ‘हिकिकोमोरी’ या अवस्थेशी जोडलेली आहे. मनोविकारतज्ज्ञ साइतो तामाकी यांच्या १९९८ च्या पुस्तकाने वर्षानुवर्षे खोलीबाहेर न पडणाऱ्या तरुणांकडे देशाचे लक्ष वेधले आणि फुतोको म्हणजे त्याची पहिली पायरी, असा समज पसरला. काहींच्या बाबतीत तसे घडतेही. बहुतेकांच्या बाबतीत घडत नाही. २००६-०७ मध्ये माध्यमिकच्या शेवटच्या वर्षी फुतोको असलेल्यांची वयाच्या विशीत पाहणी झाली तेव्हा त्यांपैकी ८५ टक्के उच्च माध्यमिकला गेलेले होते. आधीच्या पिढीच्या अशाच पाहणीत हे प्रमाण ६५ टक्के होते. उच्च माध्यमिक मध्येच सोडणाऱ्यांचे प्रमाण ३८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आले होते. मधल्या काळात मुले बदलली नव्हती, त्यांना जाता येईल अशा शाळा वाढल्या होत्या : सायंशाळा, विषयवार उत्तीर्ण होत जाण्याची सोय असलेल्या शाळा आणि विशेषतः पत्रद्वारा शिक्षणाच्या शाळा. २०१६ मध्ये सुरू झालेली ‘एन’ हायस्कूल ही इंटरनेटवरची शाळा त्यांतली सर्वांत ठळक.

अडचण उरते ती पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. सरकारी उच्च माध्यमिक शाळेच्या प्रवेशाला परीक्षेबरोबर शाळेने दिलेला गुणवृत्तांतही लागतो, आणि वर्गात न बसलेल्या मुलाच्या वृत्तांतात गुणांची जागा रिकामी राहते. काही प्रांतांनी त्यातला गैरहजर दिवसांचा रकाना काढून टाकला आहे. २०२४ मध्ये नियमांत बदल होऊन घरी किंवा केंद्रात केलेल्या अभ्यासाचे फळ शाळेच्या मूल्यमापनात धरण्याला स्पष्ट आधार मिळाला. तो अभ्यास कितपत आणि कसा धरायचा, हा निर्णय अजून ज्या त्या शाळेच्या हाती आहे.